कॉइल निर्दोष आहे

मला दोनच प्रकारचं लिहिता येतं, पत्रक आणि पावती. पत्रकात पहिल्या ओळीत आरोपी लागतो, दुसऱ्या ओळीत जाब लागतो आणि शेवटी ‘हजारोंच्या संख्येने’ लागतं, मग प्रत्यक्षात चौकात चहाच्या गाड्यापाशी मावतील एवढीच माणसं का उभी असेनात. संपादकांनी बजावलं, की चळवळीबद्दल नको, कामाबद्दल लिहा. बरं. पण माझ्या कामातही पहिल्या ओळीत आरोपीच असतो. गिऱ्हाईक गाडी ढकलत आणतं आणि स्टँडवर लावायच्या आधी निकाल देतं, ‘‘ताई, कॉइल गेली. बदलून टाका.’’

मी लातूरला ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात काम करते. गाडीचं इंजिन, गियर, क्लच हे माझं नव्हे. जिथं वायर आहे तिथं मी. मूळ गाव लोहा तालुक्यात. घरी जमीन आहे, ती भाऊ बघतो, आणि आयटीआयला इलेक्ट्रिकलला नाव घातलं तेव्हा ‘शिवणकामाला जागा आहेत की’ असं जे सांगण्यात आलं त्याबद्दल मी वेगळं पत्रक काढलेलं आहे. ते इथं नको.

कॉइल म्हणजे काय ते सांगते, कारण ज्यांच्या गाडीत ती आहे त्यांनाही ठाऊक नसतं. इंजिनात पेट्रोलची वाफ पेटवायला ठिणगी लागते. ती ठिणगी प्लगच्या टोकाला पडते. पण बॅटरी असते बारा व्होल्टची, आणि बारा व्होल्टला एवढीशी हवेची फट ओलांडता येत नाही. मध्ये कॉइल बसते. काळी, ओबडधोबड, मुठीत मावेल अशी. आत तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या. पहिली जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसाहून बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. दोन्ही एकमेकींना कुठंही चिकटलेल्या नसतात. पहिलीला एक झटका बसतो आणि दुसरीत वीस-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. हात न लावता! हे मला पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते. आजही कॉइल हातात घेतली की वाटतं, हिला हलकं नाव ठेवायचं नाही. सबंध लातूर शहर सकाळी क्लासला, मोंढ्याला, ऑफिसला निघतं ते या काळ्या ढेकळाच्या जिवावर.

दुकान खाजाभाईंचं. उस्ताद म्हणते मी त्यांना. त्यांनी मला वीज मोजायचा मीटर हातात दिला त्या दिवशी कॉइल दिलीच नाही.

‘‘पहिले दोन्ही टोकं एकमेकींला भिडव,’’ म्हणाले. ‘‘काय दिसून राहिलं?’’

मीटरच्या लाल आणि काळ्या तारांची टोकं मी भिडवली. वाटलं होतं शून्य दिसेल. शून्य नव्हतं. शून्याच्या पुढं बारीकसा आकडा होता.

‘‘ही मीटरच्या तारांची खुद्द स्वतःची अडवणूक. विजेला अडवते ती. कॉइलची पहिली गुंडाळी पाव-अर्ध्या ओहमची असते, बेटा. तुझ्या तारांचीच अडवणूक तेवढी निघाली तर कॉइलवर खोटा इल्जाम येतो. म्हणून आधी आपली वजा करायची, मग दुसऱ्याची मोजायची.’’

मी म्हटलं, ‘‘उस्ताद, हे आमच्या संघटनेत सांगू नका. आमचं सगळं काम बंद पडेल.’’

‘‘पडू दे थोडे दिवस,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘गावाला झोप मिळंल.’’

उस्तादांची जीभ अशी आहे. स्वतःच्या कामाचा गर्वही तेवढाच. एका डाळ मिलवाल्या शेठची मोटरसायकल चार गावांच्या मिस्त्रींनी बघून आमच्याकडे आली होती. सकाळी चालायची, दुपारी बंद पडायची. मी कॉइल मोजली, आकडे एकदम बरोबर. शेठ म्हणाले, ‘‘बघा, मीटर पण म्हणतो कॉइल चांगली.’’ उस्तादांनी कॉइल खोलली आणि दुकानाच्या पत्र्यावर ठेवली. एप्रिलचं ऊन. शेठला चहा पाजला, पान खाऊ घातलं. मग फडक्यात धरून कॉइल खाली घेतली, तापलेली, आणि मला म्हणाले, आता मोज. दुसरी गुंडाळी तुटलेली निघाली. थंडीत तारेची दोन टोकं चिकटायची, तापलं की सुटायची.

‘‘थंड डोक्याचा माणूस खोटं बोलतो,’’ उस्ताद शेठकडे बघत म्हणाले. ‘‘खरं कळाया त्याला तापवावं लागतं.’’

मीटरची ही मर्यादा लक्षात ठेवा. मीटर इवल्याशा व्होल्टवर मोजतो आणि कॉइल काम करते वीस हजारांवर. मीटरने ‘गेली’ म्हटलं तर ती गेलीच. मीटरने ‘आहे’ म्हटलं तर बहुतेक आहे. या ‘बहुतेक’वर एकदा एका बाईचा जीव टांगलेला मी पाहिला. त्याचीच ही हकिगत.

दसरा होऊन गेला होता. पाऊस नव्हे, आभाळच फाटलं होतं. मी सुट्टीला गावी होते. आमच्या गावापासून जवळच एक पूल आहे. पूल कसला, नदीतून जाणारा रस्ता. जरा वरून पाणी सोडलं की बुडतो. तो बुडतो हे कलेक्टरला माहीत, आमदाराला माहीत, पुलालाही माहीत. त्याच्यावर आमच्या संघटनेने किती पत्रकं काढली विचारू नका. त्या सकाळी मी नवीन पत्रकासाठी फोटो काढायलाच तिकडं गेले.

फोटो काढायला मोबाइल वर केला आणि तसाच खाली घेतला. मी या नदीत लहानपणी कपडे धुतलेत. ही ती नव्हती. पलीकडचा काठ एवढा लांब गेला होता की तिकडची माणसं उभी आहेत की झुडपं, ते कळत नव्हतं. सोयाबीनच्या काढलेल्या गंजी अख्ख्याच्या अख्ख्या वाहत होत्या, घरं चालल्यासारख्या. आणि आवाज. पाण्याचा खळखळाट नव्हता तो, जमिनीतून पायात चढणारी घरघर होती. मी घोषणा देणारी बाई आहे, माझा आवाज चौकाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. त्या घरघरीपुढं तो माझ्याच कानापर्यंत पोचला नसता.

काठावर दहा-पंधरा माणसं एका यंत्राभोवती जमली होती. मधोमध पाण्यावरची स्कूटर होती, वॉटर स्कूटर. समुद्रावर हौशी लोक उडवतात ती. कुठल्यातरी बंद पडलेल्या बोटिंगच्या ठिकाणाहून बचाव पथकाकडे आली होती. जुनी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. पथकाची मोठी रबरी बोट खालच्या अंगाला दुसऱ्या गावात अडकलेली माणसं काढत होती, तिला यायला संध्याकाळ. इथं ही एकच, आणि ही चालू होत नव्हती. तिचा चालक दत्ता, पथकात कंत्राटावर असलेला, हँडल धरून पुन्हा पुन्हा बटण दाबत होता. स्टार्टर फिरायचा, इंजिन पेट घ्यायचं नाही.

त्याच्या मागं एक माणूस फोन कानाला लावून उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्याचं नाव बालाजी. त्याची आई प्रयागबाई नदीपलीकडे होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस. अंगातली घाण आणि पाणी मशीनने काढायचं, तेव्हा ती पुढचे तीन दिवस श्वास घेणार. बालाजी आदल्या दिवशी ऑटो आणायला म्हणून अलीकडं आला आणि मागं पूल बुडाला. आईची पाळी चुकली.

फोनवर त्याची बायको होती. त्याने स्पीकर लावलेला होता.

‘‘आत्याबाईंना आडवं पडता येईना,’’ ती सांगत होती. ‘‘पडल्या की दम कोंडतो. रातभर भिंतीला टेकून बसल्यात. पाय बघा हो, बोट दाबलं की खड्डा तसाच राहून राहिला.’’

‘‘पाणी पाजू नको.’’

‘‘मी कुठं पाजून राहिले? त्याच मागून राहिल्यात.’’

मग फोनवर दुसरा आवाज आला, तुटक, मधेमधे श्वास घेत. ‘‘बाल्या. तू जेवलास का?’’

बालाजीने फोन छातीला लावला.

आता मशीनकडं येते. मशीनपाशी अंकुश मिस्त्री होते. लोह्यात त्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे, पंचक्रोशीत नाव आहे, हात चांगला आहे. त्यांनी प्लग काढून त्याच्या केबलीच्या टोपीत घातला होता आणि एका चकचकीत बोल्टला टेकवून दत्ताला बटण दाबायला लावत होते.

‘‘बघा,’’ ते सगळ्यांना म्हणाले. ‘‘ठिणगी हाय का? न्हाई. कॉइल गेली. विषय संपला. ही कॉइल नांदेडात न्हाई, लातुरात न्हाई, हैदराबादेत बी मिळंल का सांगता येत न्हाई.’’

बालाजी मटकन खाली बसला.

मी पुढं झाले. माझ्या बॅगेत मीटर असतोच, बायकांच्या पर्समध्ये आरसा असतो तसा.

‘‘मिस्त्री, जरा मला बघू द्या.’’

‘‘तू कुणाची?’’

मी सांगितलं. त्यांनी ओळखलं. ‘‘हां, ती पत्रकवाली! हितं बी मोर्चा काढती का कॉइलवर?’’

लोक हसले. मी पण हसले, कारण टोमणा चांगला होता. पण मला दुसरंच काहीतरी दिसलं होतं.

प्लग बॉडीला लावून ठिणगी बघणं ही आमच्या धंद्याची पहिली बाराखडी. मराठवाड्यातला कुठलाही मिस्त्री हेच करेल, मी पण रोज हेच करते. मोटरसायकलची बॉडी लोखंडाची, बॅटरीचं एक टोक बॉडीला जोडलेलं, यालाच आम्ही ‘अर्थ’ म्हणतो. म्हणजे कुठल्याही बोल्टला प्लग टेकवा, वीज घरी परत जाते. जायला वाट आणि परतायला वाट, दोन्ही असतील तरच ठिणगी. पण ही पाण्यावरची गाडी. हिची बॉडी फायबरची. तो चकचकीत बोल्ट फायबरमध्ये रुतलेला, बिचाऱ्याचा जगाशी काही संबंध नाही. त्याच्यावर प्लग टेकवून ठिणगी शोधणं म्हणजे बुडालेल्या पुलावर एसटीची वाट बघणं.

मिस्त्रींना मी बोल्टवर ठोकून दाखवलं. ठक ठक, प्लास्टिकचा आवाज. त्यांनी स्वतः ठोकलं. मग कपाळावर हात मारला.

‘‘आयला! हिला बॉडीच न्हाई!’’

‘‘बॉडी आहे, अर्थ नाही.’’

‘‘आमच्या सरपंचासारखं,’’ मागून कुणीतरी म्हणालं.

पण म्हणून कॉइल चांगली असं नव्हतं. चाचणी चुकली याचा अर्थ आरोपी सुटला असा होत नाही. मोजावं लागणार होतं. दत्ताकडे मोबाइलमध्ये मशीनच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो होता, त्यात कॉइलचे आकडे होते. त्याला मी मनात शाबासकी दिली.

बॅटरीची तार सोडली. कॉइलचा कनेक्टर काढला. कोरड्या फडक्याने पुसलं. टोकं भिडवली, मीटरच्या तारांची अडवणूक बघून ठेवली. मग पहिल्या गुंडाळीच्या दोन टोकांना लाल आणि काळी लावली. आकडा आला. त्यातून मीटरचा वजा केला. पुस्तकाशी जुळला.

कॉइलमधून प्लगकडे जाणाऱ्या दोन जाड केबली होत्या. त्यांच्या टोप्या पिळून काढल्या, कारण टोपीत अडवणुकीचा स्वतःचा वेगळा रेझिस्टर असतो, तो मोजमापात घुसतो. मीटरचा खटका हजारांवर फिरवला आणि एका केबलीच्या टोकाहून दुसऱ्या केबलीच्या टोकापर्यंत मोजलं. हा विजेचा प्रवास म्हणजे त्या केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. कुठं एका जागी जरी तार तुटली असती तर मीटर गप्प राहिला असता.

आकडा आला. स्थिर, हलेना. पुस्तकाशी जुळला. शेवटी केबलीतून बाहेरच्या लोखंडी पट्टीकडे गळती आहे का ते बघितलं. नव्हती.

समोर नदी सगळं फाडून नेत होती. झाडं मुळासकट जात होती. आणि माझ्या हातातल्या या मुठीएवढ्या ढेकळात केसाहून बारीक तार, हजारो वेळा वळलेली, एकाही जागी तुटलेली नव्हती. कोण्या कारखान्यात कोण्या बाईने किंवा मशीनने ती गुंडाळली असेल, माहीत नाही. मला तिच्यासमोर हात जोडावेसे वाटले.

‘‘कॉइल निर्दोष आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मग चालू का व्हत न्हाई?’’ बालाजी उठून उभा राहिला.

कनेक्टर, टोप्या, बॅटरीची तार सगळं परत जोडलं. इंजिनच्या डोक्यापासून एक जाड वायर काढली, तिला दोन्ही प्लग जोडले. ही दोन तोंडांची कॉइल, एका प्लगमधून जाऊन दुसऱ्यातून परत येते, म्हणून दोन्हींना वाट द्यावी लागते. आता परतीचा रस्ता पक्का. सगळ्यांना लांब उभं केलं, पेट्रोलचा वास नाही याची खात्री केली. ‘‘दाब.’’

दत्ताने बटण दाबलं. स्टार्टर फिरला. ठिणगी नाही.

मिस्त्री माझ्याकडं बघून राहिले. ‘‘निर्दोष का काय?’’

कॉइल चांगली, वाट चांगली, तरी ठिणगी नाही. याचा बहुतेक एकच अर्थ. कॉइलला कुणीतरी वरून गप्प बसवत होतं. गाडीत ज्याला हा अधिकार आहे असा एकच असतो, स्टॉपचा स्विच. वॉटर स्कूटरच्या डाव्या मुठीपाशी लाल बटण असतं आणि त्याच्याखाली एक चिमटा अडकवतात. चिमट्याला दोरी, दोरी चालकाच्या मनगटाला. चालक पाण्यात पडला की दोरीने चिमटा ओढला जातो, स्विच आतून जोडला जातो, ठिणगी बंद, इंजिन बंद. नाहीतर गाडी एकटीच पळत जाईल आणि माणूस मागं बुडेल.

मी मीटर आवाजावर लावला, म्हणजे वाट जोडलेली असली की तो ओरडतो. या स्विचला चिमटा अडकवलेला असताना मीटरने गप्प राहायला पाहिजे. चिमटा अडकवलेला होता आणि मीटर ‘पीं’ करून ओरडला. चिमटा काढला, पीं. लावला, पीं. स्विचच्या मते दत्ता कधीचाच पाण्यात पडलेला होता.

स्विचच्या फटीत बोट फिरवलं. बोट चिकट आणि लाल झालं. हुंगलं.

‘‘दत्ता. खंडेनवमीला हिची पूजा केली का?’’

‘‘हाव! हारबिर घालून. का?’’

‘‘नारळ कुठं फोडला?’’

दत्ताने हँडलकडं बोट दाखवलं आणि त्याचं बोट तिथंच राहिलं. ‘‘दगडावर कसा फोडणार,’’ तो हळू म्हणाला. ‘‘पाण्यातली गाडी हाय. हँडलवर फोडला. पाणी सगळं हिच्यावरच वतलं. हळदीकुंकू बी. चांगलं भरभरून.’’

खंडेनवमीला आमच्याकडे नांगर पुजतात, विळा पुजतात, आता ट्रॅक्टर, मोटर, कॉम्प्युटर सगळं पुजतात. नारळाचं गोड पाणी स्विचच्या स्प्रिंगमध्ये गेलं, कुंकू मिसळलं, वाळून डिंक झाला. बटण आत चिकटून बसलं. दत्ताचा चेहरा बघवेना. ज्या गाडीला त्याने जीव लावला तिला त्यानेच गप्प केलं होतं. इथं संघटनेचा एखादा माझा मित्र असता तर अंधश्रद्धेवर तिथंच सभा घेतली असती. मी घेतली नाही. माझ्या मीटरच्या पाठीवरही त्याच खंडेनवमीचं कुंकू होतं. फरक एवढाच, की मी नारळ दुकानाच्या उंबऱ्यावर फोडते.

‘‘स्विचची वायर काप,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘एका कापात चालू हुईल.’’

खरं होतं. एक वायर कापली असती तर गाडी त्या क्षणाला चालू झाली असती. बालाजी माझ्याकडं बघत होता, फोनवर पलीकडून दम लागल्याचा आवाज ऐकू येत होता.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘तो पाण्यात पडला तर गाडी थांबणार नाही. मागं पेशंट बसणार आहे.’’

‘‘पडतो कशाला?’’

‘‘ही नदी बघा आणि मग विचारा.’’

‘‘ताई, आई मरंल!’’ बालाजी ओरडला. ‘‘पत्रकातली अक्कल हितं नको लावू!’’

मला राग आला नाही. त्याच्या जागी मी याहून वाईट बोलले असते. ‘‘तुझ्या आईलाच आणायचंय, तिला नदीत टाकायचं नाही,’’ एवढंच म्हटलं आणि स्विचचे स्क्रू सोडायला लागले. दत्ताने पळत जाऊन स्वतःचा टूथब्रश आणला. मिस्त्रींनी झाकणात पेट्रोल घेतलं आणि गोड्या पाण्याची बाटली. शिव्या देता देता माझ्यापेक्षा बारीक काम त्यांनी केलं, त्यांच्या जाड बोटांनी ती इवली स्प्रिंग अशी उचलली की जणू डोळ्यातलं कुसळ. आधी पाण्याने साखर विरघळवली, मग पेट्रोलने धुतलं, मग फुंकून फुंकून वाळवलं. जोडलं. चिमटा लावला, मीटर गप्प. काढला, पीं. लावला, गप्प. मिस्त्री आणि मी एकमेकांकडं बघितलं. कुठल्या शांततेवर मी कधी एवढी खूश झाले नव्हते.

प्लग बसवले. इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. लोकांनी आरोळी ठोकली. दत्ता निघायला लागला, तर मी त्याचं जॅकेट धरलं.

‘‘थांब. बाभळीला दोर बांध आणि उथळ पाण्यात चालू ठेव. तापू दे.’’

‘‘आता काय अजून?’’ बालाजी रडकुंडीला आला.

मला शेठची मोटरसायकल आठवत होती. मीटरने थंड कॉइल मोजली होती. तापल्यावर ती सुटली तर? रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस ढकलतो. नदीच्या मध्यावर काय ढकलणार? बालाजीला समजावत बसले नाही, त्याचा हात धरून कॉइलजवळ उभी राहिले. इंजिन घुरघुरत होतं, दोर ताणला होता, बाभूळ हलत होती. कॉइलवर तळवा ठेवला. कोमट झाली. मग गरम. दत्ताने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. एकही ठोका चुकला नाही.

‘‘जा,’’ मी म्हटलं.

दत्ता सरळ गेला नाही. आधी काठाकाठाने वरच्या अंगाला लांब गेला, मग प्रवाहात तिरका घुसला. नदीने त्याला खाली ओढलं, तो वर काढत राहिला. एक गंजी त्याच्या अंगावर आली, त्याने वळसा घातला. पुढं तो एवढासा झाला, मग ठिपका, मग दिसेनासा. फक्त आवाज येत होता, आणि मी त्या आवाजातून ठिणग्या ऐकत होते. प्रत्येक ठोका म्हणजे एक ठिणगी. बारा व्होल्टच्या बॅटरीतून, केसाएवढ्या तारेतून, एवढ्या थोरल्या पाण्याच्या तोंडावर. मी नास्तिक आहे. पण काहीतरी पुटपुटत होते.

फोनवर पलीकडचा गोंधळ सुरू झाला.

‘‘आत्याबाई न्हाई म्हणून राहिल्यात! दोन्हीकडं पाय टाकून बसायचं म्हणल्यावर...’’

‘‘पोरांसारखं?’’ प्रयागबाईंचा दमलेला आवाज. ‘‘मी एका बाजूनंच बसते. बाल्याच्या गाडीवर बसते तशी.’’

‘‘आई, बस!’’ बालाजी फोनमध्ये किंचाळला. ‘‘लुगड्याचा काष्टा घाल अन् बस! अन् दत्ता, डावा हात धरू नको! डाव्या हातात तिची डायलिसिसची शीर केलेली आहे, त्या हाताला दाब देऊ नको!’’

‘‘ठाव हाय,’’ दत्ता म्हणाला. ‘‘त्या मला धरतील. उजव्या हातानं. कंबरेला बांधायचं न्हाई, पडलो तर दोघं गुतून राहू.’’

दत्ता परतताना पहिल्यांदा दिसलं ते केशरी जॅकेट. एकच ठिपका. जवळ आला तेव्हा दोन झाले. प्रयागबाईंनी दत्ताच्या पाठीवर गाल टेकवला होता, डोळे मिटलेले, उजवा हात त्याच्या पोटाशी आणि डावा हात हवेत, वर उचलून धरलेला, त्याला कशाचा धक्का लागू नये म्हणून. नदी दोन्ही बाजूंनी जात होती आणि हात वर. मी किती मोर्चात किती हात वर गेलेले पाहिलेत. असा पाहिला नाही.

काठावर उतरवलं तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. आम्ही त्यांना ऑटोत बसतंच ठेवलं, झोपवलं नाही. मी बाजूला बसून त्यांना टेकू दिला. मिस्त्री मोटरसायकलवर पुढं हॉर्न वाजवत रस्ता मोकळा करत लोह्यापर्यंत आले. तिथून नांदेड.

डायलिसिसच्या खोलीत मला पाच मिनिटं आत जाऊ दिलं. मशीन बघून माझे पाय थांबले. रक्त नळीतून बाहेर येत होतं, एका गोल फिरत्या पंपातून जात होतं, कांडीएवढ्या फिल्टरमध्ये हजारो बारीक धाग्यांतून गाळलं जात होतं आणि पुन्हा तिच्या हातात परत. जायला वाट, परतायला वाट. मी वाकून बघायला लागले तर टेक्निशियन पोरगी म्हणाली, ‘‘ताई, कशाला हात लावू नका.’’

‘‘नाही लावत,’’ मी म्हटलं. माझी लायकीच नव्हती.

बाहेर बालाजीला मी वडापाव खायला लावला. तो म्हणाला, ‘‘ताई, ते बोललो ते...’’ मी म्हटलं, ‘‘पूल बांधत नाहीत त्यांना बोल, मी तुला माईक देते.’’ एका बाईला श्वास घेता यावा म्हणून हौशी लोकांच्या खेळण्यावर बसून पूर ओलांडावा लागतो. हे पत्रकात लिहिलंय, पुन्हा लिहीन, पूल होईपर्यंत लिहीन.

दुपार कलताना आम्हाला आत बोलावलं. प्रयागबाई पलंगावर पाठ टेकून पडल्या होत्या. आडव्या. श्वास एकसारखा चालला होता. चेहऱ्याची सूज उतरून आत लपलेली गालाची हाडं वर आली होती, आणि मला त्या पहिल्यांदा दिसल्या.

टेक्निशियन पोरगी त्यांना रागावत होती. ‘‘मावशी, पाळी चुकवायची नाही. किती पाणी साठलं होतं माहीत आहे? तीन-चार तांबे काढलं तुमच्या अंगातून.’’

‘‘तीन-चार तांबे?’’ प्रयागबाई विचारात पडल्या. ‘‘एवढं पाणी अंगात घेऊन मी नदीतून आले?’’

‘‘हो ना!’’

मग त्यांनी मान वळवून मला जवळ बोलावलं.

‘‘पोरी, त्या गाडीवाल्या लेकराला फोन लाव. लई वझं झालं असंल त्याला माझं. म्हणावं, घाबरू नको, जाताना बाई हलकी हाय.’’